ज्यांना दुसरे जग नसते

राजगडावर जाणाऱ्या वाटा अनेक आहेत, पण राजमार्ग म्हणून ओळखली जाते ती पालीची. हे पाली बल्लाळेश्वराचे नव्हे. पूर्वीच्या वेल्हे तालुक्यात, वाजेघराच्या शेजारी, गडाच्या पायथ्याला बिलगून बसलेले हे लहानसे गाव. गुंजवण्याकडची वाट उभी आणि दमछाक करणारी, तर पालीची वाट रुंद, पायऱ्यांची, डोक्यावर ओझे घेऊनही चढता येईल अशी. वर एकामागे एक दोन दरवाजे लागतात. पहिला अंबारीसकट हत्ती आत यावा एवढा उंच; दुसरा बुरुजांच्या आडोशाला, आणि त्याच्या आत पहारेकऱ्यांसाठी देवड्या. गड पाहणारा माणूस सहसा देवडीपाशी रेंगाळत नाही. त्याला पद्मावती माची गाठायची असते, संजीवनीची दुहेरी तटबंदी बघायची असते, बालेकिल्ल्याच्या दरवाज्यात उभे राहून वारा अंगावर घ्यायचा असतो. पण आपल्या या प्रकरणाचा विषय देवडीतच बसलेला आहे. आत-बाहेर जाणारे कोणी वेगळेच असतात. हा माणूस दाराशी असतो. दिवस मावळला की दरवाजा लावायचा, उजाडला की उघडायचा, येणाऱ्याची ओळख पटवायची. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्याच्या दरवाजांविषयी सविस्तर विचार आहे: गडाला एकच दरवाजा असणे हा मोठा दोष, म्हणून दोन-तीन दरवाजे आणि चोरदिंड्या असाव्यात, आणि रोजच्या राबत्याला लागतील तेवढ्याच उघड्या ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्यात. दार हे संकट आहे आणि सुटकाही आहे, हे ज्याने ओळखले त्याचा हा सल्ला आहे. अद्भुतकथांच्या लेखकांना आज हाच प्रश्न पुन्हा सोडवावा लागतो.

किशोरांसाठी लिहिल्या जाणाऱ्या अद्भुतकथांचा एक प्रकार गेल्या पाऊणशे वर्षांत फार लोकप्रिय झाला. नायक एका जगातून दुसऱ्या जगात जातो, कधी कपाटातून, कधी बोगद्यातून, कधी हवेला पडलेल्या चिरेतून. स्थलांतर, देशांतर यांच्या चालीवर याला जगांतर म्हणता येईल. अमेरिकी लेखक डी. जे. मॅकहेल यांची ‘पेन्ड्रॅगन’ ही दहा पुस्तकांची मालिका याचा अगदी ठसठशीत नमुना आहे. पहिले पुस्तक 2002 साली आले, शेवटचे 2009 साली. चौदा वर्षांचा बॉबी पेन्ड्रॅगन न्यूयॉर्कमधल्या एका वापरात नसलेल्या भुयारी स्थानकातून दुसऱ्या प्रदेशात जातो, तिथून तिसऱ्या, आणि सगळीकडे त्याला सेंट डेन नावाच्या रूप बदलणाऱ्या शत्रूशी सामना करायचा असतो. मात्र मॅकहेल यांनी केलेली खरी हुशारीची गोष्ट दुसरीच आहे. प्रत्येक प्रदेशात त्यांनी प्रवाशांचे मदतनीस नेमले आहेत. ही माणसे स्वतः प्रवास करत नाहीत. बोगद्याच्या तोंडाशी त्या त्या जगातले कपडे आणि लागणाऱ्या वस्तू ठेवणे, डोळे उघडे ठेवणे, हे त्यांचे काम. आणि बॉबी ज्या वह्या लिहितो त्या त्याचे दोन शाळूसोबती, मार्क आणि कोर्टनी, घरी बसून वाचतात आणि बँकेच्या तिजोरीत जपून ठेवतात. पहिल्या पुस्तकाच्या अखेरीस बॉबी घरी परततो तेव्हा त्याचे घरच जागेवर नसते, आईवडील-बहीण नाहीशी झालेली असतात. तो कधीकाळी या गावात राहत होता याची साक्ष देणारे हे दोघेच उरतात. माझे म्हणणे या बिंदूपासून सुरू होते: जगांतराच्या गोष्टीत दुय्यम पात्र म्हणजे नायकाचा मदतनीस, ही व्याख्या अपुरी आहे. ज्याला दुसरे जग नाही ते दुय्यम पात्र. नायकाच्या पाठीशी कायम एक दार असते. या माणसाच्या पाठीशी भिंत असते. गोष्टीला वजन येते ते त्या भिंतीमुळे.

अशी माणसे नसली तर काय होते, हे पाहायला आपल्याकडे फार जुनी कथा आहे. भागवताच्या नवव्या स्कंधात राजा ककुद्मी आपली मुलगी रेवती हिला घेऊन ब्रह्मलोकी जातो. तिच्यासाठी वर कोणता, हे ब्रह्मदेवालाच विचारावे, असा त्याचा विचार. तिथे गंधर्वांचे गाणे चालू असते, म्हणून तो क्षणभर थांबतो. गाणे संपल्यावर तो मनातली नावे सांगतो तेव्हा ब्रह्मदेव हसतात: त्या सगळ्यांना जाऊन किती काळ लोटला, सत्तावीस चतुर्युगे सरली, त्यांचे नातू-पणतूही उरले नाहीत. ककुद्मी खाली येतो, रेवती बलरामाला देतो आणि तपाला निघून जातो. आधुनिक विज्ञानकथेत शोभावी अशी ही कल्पना आहे आणि तिची वाहवाही पुष्कळ होते. पण गोष्ट म्हणून ती कशी वाटते ते पाहावे. ककुद्मीने केवढा प्रचंड प्रवास केला, पण तो प्रवास आपल्याला लागत नाही. कारण त्याची वाट पाहणारे कोणीच कथेत नाही. कुशस्थलीच्या वेशीवर उभा राहून ‘राजे अजून आले नाहीत’ म्हणणारा एक द्वारपाल जरी मागे ठेवला असता, एक पिढी त्याच्या मुलाने, दुसरी त्याच्या नातवाने ते वाक्य म्हटले असते, तर सत्तावीस चतुर्युगांचा आकडा अंगावर आला असता. काळ किती गेला हे प्रवाशाला कळत नाही. ते मागे राहिलेल्याच्या पांढऱ्या केसांवरून कळते. पुराणकाराला वंशावळ पुढे न्यायची होती, म्हणून त्याने हे केले नाही, आणि त्यात त्याचे काही चुकलेही नाही; पण वंशावळ आणि कथा यांतला फरक इथे नेमका दिसतो.

मराठीत जगांतराची सर्वांत परिचित गोष्ट जयंत नारळीकरांची आहे: ‘गंगाधरपंतांचे पानिपत’, 1979 साली आलेल्या ‘यक्षांची देणगी’ या संग्रहातली. तिचे इंग्रजी रूप अकरावीच्या पाठ्यपुस्तकातही घेतले गेले, त्यामुळे देशभरातल्या मुलांनी ती वाचली आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघाताच्या क्षणी अशा जगात जाऊन पडतात, जिथे 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर मराठे जिंकले. विश्वासरावांना लागलेली गोळी तिथे लागली नाही, चाटून गेली. आणि त्या अंगुळभर अंतराने पुढचा सगळा इतिहास वेगळा झाला. या कथेची चर्चा होते ती तिच्यातल्या विज्ञानाबद्दल, आपत्तिसिद्धांत आणि पुंजभौतिकीबद्दल. चर्चा रास्तच आहे. परंतु त्या दुसऱ्या जगावर आपला विश्वास कोण बसवतो? इंग्रजी रूपात गंगाधरपंतांना आगगाडीत एक खानसाहेब भेटतात, ते पेशावरला निघालेले असतात. त्यांना कशाचेच आश्चर्य वाटत नाही. कोणत्या स्थानकावर परवाना तपासतात, पुढे कोणती गाडी धरायची, हे ते सहप्रवाशाला सांगावे तसे सहज सांगतात. गंगाधरपंत खिडकीतून बघून चकित होतात तेव्हा वाचकाला एक कल्पना दिसते. खानसाहेब पेशावरच्या गाडीविषयी बोलतात तेव्हा तिथे एक देश दिसतो. कारण त्यांना ते एकच जग आहे. त्यांच्या दृष्टीने तिथे बदललेले काहीच नाही.

त्याच कथेत आणखी एक दुय्यम पात्र आहे आणि ते कथेत येतच नाही. गंगाधरपंत मुंबईत आपल्या मुलाच्या, विनयच्या, कचेरीत जातात, आणि त्या नावाचा माणूस तिथे कामाला नसतो. कदाचित त्या जगात जन्मलाही नसेल. पानिपत जिंकल्याचा जो काही आनंद व्हायचा तो होण्याआधीच नारळीकरांनी त्याची किंमत अशी एका ओळीत मांडली, आणि फार आवाज न करता. एवढ्या मोठ्या विजयाच्या समोर त्यांनी एक न सापडणारा मुलगा ठेवला. तिसरे पात्र राजेंद्र देशपांडे, गंगाधरपंतांचे मित्र. ते कुठेही जात नाहीत. ऐकतात, आणि आधी विश्वास ठेवत नाहीत. मनाचे खेळ असतील म्हणतात. मग गंगाधरपंत खिशातून बखरीचे फाटलेले पान काढतात आणि देशपांडे ते आपल्या जगातल्या बखरीशी ताडून बघतात. ही देवडीतल्या पहारेकऱ्याचीच भूमिका आहे: आलेल्याची ओळख पटवणे. पुरावा प्रवाशाच्या खिशात असतो, पण त्याचा पुरावा होतो तो न गेलेल्या माणसाच्या हातात आल्यावर. एकट्या गंगाधरपंतांनी ते पान शंभरदा वाचले असते तरी ते स्वप्नातलेच राहिले असते.

आता पुन्हा राजगडाकडे. मराठी मुलाच्या कानावर जगांतराची गोष्ट पडते ती बहुधा कपाटाची किंवा बोगद्याची नसते; ती आग्र्याची असते. पुरंदरच्या तहानंतर 1666 च्या मार्चमध्ये शिवाजी महाराज राजगडाहून निघाले. आग्रा हे त्या काळच्या मावळी माणसाला दुसरे जगच होते: भाषा वेगळी, दरबाराची रीत वेगळी, उभे राहण्याची जागासुद्धा दुसऱ्याने ठरवलेली. 12 मेचा दरबार, नंतरची नजरकैद, 17 ऑगस्टची सुटका, वेषांतर, आणि वर्ष सरण्यापूर्वी पुन्हा राजगड. या कथेची चौकट अद्भुतकथेची आहे म्हणून ती मुलांच्या मनात बसते, असे सहसा म्हटले जाते. मला ते पुरते पटत नाही. तिची दुय्यम पात्रे काढून टाका आणि उरते ते बघा: पेटाऱ्यात बसून निसटलेला एक माणूस. चातुर्याची एक छान हकीकत. ती महाकथा होते पलंगावर निजलेल्या हिरोजी फर्जंदामुळे. महाराजांचे कडे हातात घालून, तोंडावर पांघरूण ओढून तो पडून राहिला, बाहेर फक्त हात दिसेल असा. महाराजांसाठी दार उघडे होते. हिरोजीसाठी त्या वेळी फक्त खोली होती, आणि खोलीबाहेर कोतवाल पोलादखानाचा पहारा.

हिरोजीचे नाव सभासदाच्या बखरीत आहे, म्हणजे घटनेनंतर तीसएक वर्षांत ते लिहिले गेले. निजलेल्या हिरोजीचे पाय चेपणारा मदारी मेहतर मात्र जुन्या साधनांत सापडत नाही. तो पुढच्या कथनात येतो. इतिहासाच्या अभ्यासकाने हा फरक नोंदवलाच पाहिजे. कथेच्या अभ्यासकाने मात्र याहून पुढचा प्रश्न विचारावा: पिढ्यान्‌पिढ्या गोष्ट सांगणाऱ्यांना तिथे आणखी एक माणूस का हवासा वाटला? नायकाच्या पराक्रमात त्याने काहीच भर पडत नाही. भर पडते ती खोलीत. निजलेल्या देहाजवळ कोणीतरी बसून पाय चेपते आहे असे म्हटल्याबरोबर ती खोली खरी होते, रात्र लांब होते, श्वास रोखला जातो. लोककल्पनेने गोष्ट रंगवायची ठरवली तेव्हा तिने महाराजांना उडता घोडा दिला नाही. मागे राहणाऱ्यांत एक माणूस वाढवला. गोष्ट कशी रचावी याची ही समज फार मोलाची आहे आणि ती कुठल्या लेखनशाळेत शिकवलेली नाही.

कागदोपत्री असलेला भाग तर याहून बोलका आहे. सुटकेनंतर रघुनाथ बल्लाळ कोरडे आणि त्र्यंबक सोनदेव डबीर हे दोघे आग्र्यात पकडले गेले. त्यांचे हाल झाले, आणि सुटका व्हायला 1667 उजाडले. ज्यांनी महाराजांसाठी दरबारात जामीनकी लिहून दिली होती त्या रजपूत सरदार रामसिंहांची मनसब गेली, दरबार बंद झाला. प्रवासी दारातून निघून गेल्यावर हिशेब कोणाकडून चुकता करून घेतला जातो, हे एवढ्या नावांतून कळते. आणि हे सगळे आपल्याला इतक्या बारकाव्याने ठाऊक आहे ते कोणामुळे? आग्र्यात रामसिंहांच्या पदरी असलेल्या परकालदास नावाच्या कारकुनी पेशाच्या माणसामुळे. त्याने अंबेरला कल्याणदासाला राजस्थानीत पत्रे लिहिली: महाराज दिसायला कसे आहेत, बरोबर किती लवाजमा आहे, आज दरबारात काय घडले, पहारा कधी वाढला. ती पत्रे जयपूरच्या दप्तरात राहिली आणि जदुनाथ सरकार व रघुबीर सिंह यांच्या संपादनाखाली 1963 साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. परकालदास या नाट्यात कोणाच्याही बाजूने तलवार घेऊन उतरला नाही. तो बघत होता आणि लिहीत होता. मॅकहेलच्या मार्कने वह्या तिजोरीत ठेवल्या, ही लेखकाची कल्पना. परकालदासाची पत्रे तीन शतके दप्तरात टिकली, ही घडलेली गोष्ट.

यावर पहिला आक्षेप घेतला जाईल तो असा की मी सेवकाचे उदात्तीकरण करतो आहे. मोठ्यासाठी लहानाने मरावे, आणि त्याला आपण ‘वजन’ म्हणावे, हे किशोरवयीन वाचकाला शिकवणे योग्य आहे का? हा आक्षेप गंभीर आहे आणि अनेक मालिकांना तो लागूही पडतो. नायकाचा हात धरण्यासाठी, त्याला विनोद ऐकवण्यासाठी आणि तिसऱ्या पुस्तकात मरण्यासाठी जन्माला घातलेले मित्र अद्भुतकथांत पैशाला पासरी मिळतात. पण उपाय दुय्यम पात्र कमी करण्यात नाही, ते अधिक करण्यात आहे. सी. एस. लुईस यांच्या नार्नियाच्या 1950 सालच्या पहिल्या पुस्तकात लूसी कपाटातून जाते आणि टम्नस नावाच्या फॉनला भेटते. तो तिला चहा देतो, राणीच्या हवाली करण्याचा बेत सोडून देतो आणि परतीच्या वाटेला लावतो. लूसी कपाटातून बाहेर पडून भावंडांत मिसळते. टम्नसचे घर मात्र फोडले जाते, तो धरला जातो, दगडाचा पुतळा केला जातो. त्याने तिला सोडले ते हुकमावरून नव्हे, हुकूम मोडून. निवड त्याची आहे आणि ती करण्यापूर्वी तो घाबरून रडतो, हे लेखकाने लपवलेले नाही. सेवक आणि पात्र यांत हा फरक: पात्राला नाही म्हणता येत होते. घोडखिंडीत 13 जुलै 1660 रोजी बाजीप्रभू देशपांडे आणि हिरडस मावळातले बांदल उभे राहिले तेव्हा त्यांच्यामागे भोरकडचा आपला मुलूख होता, आपले वतन होते, आपला मान होता. ते कोणाच्या सावलीतले बिनचेहऱ्याचे लोक नव्हते. फिलिप पुलमन यांच्या ‘द सटल नाइफ’मध्ये फुगा चालवणारा ली स्कोर्झबी एका घळीत एकटा बंदूक धरून सैन्य अडवतो, म्हणजे दुसऱ्याला पुढे जाता यावे. ते पान वाचताना मराठी वाचकाला खिंडीची आठवण होणारच. लीला स्वतःचा धंदा आहे, स्वतःचे शहाणपण आहे, लायरा नावाच्या पोरीवर जीव आहे. म्हणून त्याचे मरण उधारीचे वाटत नाही.

पुलमन यांनी तर हा मुद्दा शेवटाला नेला. त्यांच्या त्रयीत एक सुरी आहे, तिने हवेत खिडकी कापून दुसऱ्या जगात जाता येते. वाचक आनंदाने नायकाबरोबर खिडक्या कापत जातो. 2000 साली आलेल्या तिसऱ्या पुस्तकात मेरी मॅलोन ही शास्त्रज्ञ मुलेफा नावाच्या प्राण्यांत राहते. हे प्राणी झाडांच्या गोल बियांची चाके करून फिरतात, त्यांचे अवघे जगणे त्या झाडांवर, आणि झाडे मरत चालली आहेत. हळूहळू उलगडते ते असे: उघड्या राहिलेल्या खिडक्यांतून जगांचे सत्त्व गळून जाते आहे. म्हणजे नायकाचा प्रत्येक प्रवास कोणाच्या तरी झाडांच्या मुळावर येत होता. मुलेफांना दुसरीकडे जाता येत नाही, म्हणूनच हे ध्यानात येते. जाता आले असते तर कोणाला कळलेच नसते. अखेरीस खिडक्या बंद कराव्या लागतात, आणि दोन प्रेमी जीव दोन जगांत कायमचे वेगळे होतात. राबत्यापुरती दारे ठेवून बाकीची चिणून टाकावीत, हा अमात्यांचा सल्ला गडाच्या रक्षणासाठी होता. पुलमन वेगळ्या वाटेने तिथेच पोहोचले.

दुसरा आक्षेप इतिहासाच्या बाजूने येईल. हिरोजी, बाजीप्रभू, त्र्यंबकपंत ही जिवंत माणसे होती. त्यांना मुलेफांच्या पंक्तीला बसवणे हा त्यांचा अवमान नाही का? आग्रा हा भूगोल आहे, नार्निया नाही. हे खरे आहे आणि मी दोन्ही एक आहेत असे म्हणत नाही. इतिहासात घडलेले बदलता येत नाही, आणि पुराव्याशिवाय बोलता येत नाही. मदारीबद्दल वर जे म्हटले ते म्हणूनच म्हटले. परंतु कोणत्याही समाजाचा अद्भुतकथा ऐकण्याचा कान त्याने लहानपणी ऐकलेल्या खऱ्या-खोट्या कथांवर तयार होतो. इंग्रजी वाचकाचा कान आर्थर राजाच्या सरदारांवर तयार झाला. आपला कान गडांवर तयार झाला, आणि गडाच्या गोष्टीत घेऱ्यातली माणसे असतातच: मेटावरचे पहारे, रामोशी, कोळी, महार, गडावर दूध-दही घालणारे. गडाचे नाव घेताच ज्याला तटाखालचे गावही आठवते, त्या वाचकाला मागे राहणाऱ्या पात्राचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. उलट, आपल्या किशोरसाहित्याने हा कान पुरेसा वापरला नाही, अशी माझी तक्रार आहे. परक्या मालिका वाचून लिहिल्या जाणाऱ्या गोष्टींत नायकाची तलवार येते, बोगदा येतो, राक्षस येतो. देवडी येत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत आकर्षक आहे. ही माणसे एवढी मोलाची, तर त्यांनाही दारातून जाऊ द्या ना. मागे ठेवून त्यांचे कौतुक करण्यापेक्षा ते न्यायाचे होईल. पुराणातली उषेची सखी चित्रलेखा तर गेलीच होती. उषेला स्वप्नात दिसलेला तरुण कोण हे शोधण्यासाठी तिने देव, गंधर्व, माणसे यांची चित्रे काढली, अनिरुद्ध ओळखल्यावर ती आकाशमार्गाने द्वारकेला गेली आणि झोपलेल्या अनिरुद्धाला उचलून शोणितपुरात घेऊन आली. तिथे प्रवास सखी करते आणि नायक झोपलेला असतो. फार सुंदर उलटापालट आहे ही. पण पुढे पाहा: तिला कशाचीच अडचण नाही, कुठेही जाता येते, कोणालाही आणता येते, म्हणून तिचे काम झाल्यावर कथेला तिचे काय करावे तेच कळत नाही. बंदिवास येतो तो अनिरुद्धाच्या वाट्याला, आणि मग वाचकाचे लक्ष त्याच्याकडे जाते. ज्याला अडवले आहे तो गोष्टीच्या मध्यभागी येतो, मग त्याचे नाव शीर्षकात असो वा नसो.

मॅकहेल यांनी हा आक्षेप स्वतःच्या मालिकेत घेऊन पाहिला आहे. ‘ब्लॅक वॉटर’ या 2004 सालच्या पाचव्या पुस्तकात मार्क आणि कोर्टनी यांना वह्या वाचत बसणे असह्य होते. मित्र संकटात आहे, उपाय त्यांना ठाऊक आहे, दारही सापडले आहे. ती दोघे बोगद्यात उतरतात. त्यांचा हेतू चांगला असतो, त्यांचे काम यशस्वीही होते. पण बोगदे त्यांच्यासाठी नव्हते. प्रवासी नसलेल्यांच्या वापराने ईलाँग प्रदेशातला बोगदा कमकुवत होऊन कोसळतो, त्यात तिथली प्रवासी काशा मरते आणि आणखी दोन प्रवासी तिथे अडकून पडतात. काही वाचकांना हे क्रूर वाटते, लेखकाने मित्रांना शिक्षा केली असे वाटते. मला ते लेखकाचे धाडस वाटते. मार्क-कोर्टनीला प्रवासी करून टाकणे सोपे होते, मालिकेच्या चाहत्यांना आवडलेही असते. त्याऐवजी त्यांनी दाखवले की मागे राहण्याचे काम हे कमी प्रतीचे काम नाही, ती वेगळी जबाबदारी आहे, आणि ती सोडली की तिची जागा रिकामी पडते.

मागे राहणाऱ्याने कधी निघावे, याचे उत्तर राजगडाच्याच गोष्टीत आहे. आग्र्याहून परतताना महाराजांनी नऊ वर्षांच्या संभाजीराजांना मथुरेत ठेवले, मोरोपंत पिंगळ्यांच्या नात्यातल्या त्रिमल बंधूंच्या घरी. बाप पुढे गेला, मूल परक्या मुलखात. त्रिमल बंधू मथुरेत रुजलेले ब्राह्मण; त्यांना या राजकारणातून मिळवायचे काही नव्हते, गमवायला घर होते. आपल्यातलाच एक म्हणून त्यांनी ते पोर सांभाळले, आणि सांगावा आला तेव्हा ती माणसे आयुष्यात एकदाच एवढ्या लांबच्या वाटेला लागली. मथुरेहून राजगडापर्यंत चौक्या, नद्या, घाट ओलांडत ते आले. बरोबर ठेव होती. ती त्यांनी गडावर पोहोचती केली.